रंगपंचमीला सोसायटीतल्या ३-४ वर्षांच्या पोरांची पार्टी, काय काय करता येईल?

कोथरूडला राहतो, साधारण १२ मुलं असतील, गच्ची मिळतेय. पाणी टँकरचं आहे त्यामुळे पाइप लावून धिंगाणा नको, पण रंग तर हवेतच ना. खायला काय ठेवू?

नळस्टॉपकर
सकाळी ९ लाच सुरू करा, ११ नंतर गच्ची तापते आणि अनवाणी पोरं रडायला लागतात. दीड तास खूप झाला, त्यापुढे सगळी चिडचिडी होतात.

दोन पोरांची आई
पळसाची फुलं मिळाली तर रात्री गरम पाण्यात भिजत घाला, सकाळी मस्त केशरी पाणी तयार, बीट उकळलं की गुलाबी. हळदीचा पिवळा करू नका हं, डाग जात नाहीत, वर साबण लागला की लाल होतात आणि मग आया तुमच्या नावाने बोटं मोडतात. रंग परातीत ओतून जुनी चादर टांगायची आणि हाताचे ठसे उमटवू द्यायचे, पाणी बादलीभर पुरतं. आधी खोबरेल तेल चोपडा.

गुळाचा गणपती
फुगे अजिबात नको!! फुटलेला तुकडा तोंडात गेला तर घशात अडकतो, शेंगदाण्याचंही तेच. पन्हं, मऊ इडली, पुरणपोळीचे तुकडे बास.

प्रश्नकर्ती
चादर फिक्स! तेल घरूनच लावून पाठवा असं ग्रुपवर टाकते. आजोबा मंडळींना गच्चीवर येऊ द्यायचं का पण, ते पिचकारी घेऊन येतात 😄