टब सोडून शॉवरकडे वळताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्याकडे टबही आहे आणि शॉवरही. इतकी वर्षं मी टबवाली. दिवसभराचा शीण कोमट पाण्यात पडून राहिल्याशिवाय जात नाही, असं मनात पक्कं बसलं होतं. एकदा सहज म्हणून टब बादलीने भरून पाहिला. बादली १५ लिटरची. मी आत बसल्यावर पाणी खांद्यापर्यंत यायला नऊ बादल्या लागल्या. १३५ लिटर, एका माणसाच्या एका आंघोळीला! मग शॉवरखाली अर्धा मिनिट बादली धरली, ती ४ लिटर भरली. म्हणजे मिनिटाला ८ लिटर. आठ मिनिटांची आंघोळ धरली तर ६४ लिटर, टबच्या निम्म्याहून कमी. त्या दिवसापासून टब फक्त पाठ धरली तरच.

तुमच्या घरात हा बदल कसा झाला? जमला की नाही? मोजून पाहिलं असेल तर आकडे जरूर लिहा.

○

आकडे मागितलेत म्हणून लिहितो. शॉवर म्हणजे बचत, हे मी डोळे झाकून धरून चाललो होतो. आमच्याकडे वरच्या टाकीखाली प्रेशर पंप आहे. तुमच्यासारखीच बादली धरली तर मिनिटाला १६ लिटर! आणि आमचे चिरंजीव आत शिरले की पंधरा मिनिटं बाहेर येत नाहीत. २४० लिटर झाले ना हे? तुमच्या टबाला आम्ही केव्हाच मागे टाकलं होतं.

मुलाला बोलून काही उपयोग झाला नाही, उलट दार जोरात आपटायला लागला. शेवटी बादली आणि घड्याळ त्याच्याच हातात दिलं, म्हटलं तूच मोज. आकडा स्वतः काढल्यावर तो जरा वेळ गप्प बसला. मग आम्ही दोघांनी मिळून पाण्यात हवा मिसळणारं शॉवर हेड बसवलं. आता मिनिटाला ८ लिटर येतात आणि अंगावर धार पूर्वीसारखीच भरदार लागते. वेळ दहा मिनिटांवर आली आहे. तीही कमी होईल, पण त्याच्या मागे लागायचं नाही असं मी ठरवलंय.

○

साबण लावताना शॉवर बंद. एवढंच केलं. पूर्वी पुन्हा चालू केल्यावर गरम-गार जुळवण्यात पाणी जायचं, म्हणून शॉवर हेडच्या आधी एक छोटा व्हॉल्व्ह बसवून घेतला. आता मिश्रण तसंच राहतं.

○

गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. आमचा गीझर न्हाणीघरापासून लांब आहे, मध्ये साधारण १८ मीटर पाइप. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे तीन लिटरच्या वर पाणी नुसतं पाइपातच. शिवाय थंड पाइपही तापावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात पाच लिटर गेल्यावर हाताला ऊब लागते. घरात चौघं, रोजचे वीस लिटर. आता बादली कायम शॉवरखाली असते. ते पाणी स्वच्छच असतं. फरशी पुसायला, कपडे भिजवायला, कुंड्यांना चालतं.

○

आमच्याकडे पाणी वाचवायचं म्हणून बदल झाला नाही, आईमुळे झाला. टबचा काठ ओलांडताना तिचा पाय घसरला. लागलं नाही फारसं, पण ती घाबरली आणि आंघोळ टाळायला लागली. कारण काही केल्या सांगेना. आम्ही टब काढला, शॉवरखाली घट्ट बसणारं स्टूल ठेवलं, भिंतीला आधाराचा दांडा लावला आणि हातात धरायचा शॉवर घेतला. पहिल्या दिवशी ती आतून हाक मारून म्हणाली, "कुणी येऊ नका, मला जमतंय." ते ऐकून मी दाराबाहेर रडले. पाणी किती वाचलं ते मी मोजलेलं नाही.

○

मी टब ठेवलाय आणि त्याची बाजू मांडते. दोन लहान मुलं एकाच पाण्यात, जेमतेम ४० लिटर. नंतर बूच न काढता तेच पाणी बादलीने संडासात ओतते. शॉवरचं पाणी असं हाताशी राहत नाही. एक मात्र कळकळीने सांगते: मूल टबात असताना क्षणभरही उठू नका. बोटभर पाण्यातही जीव जाऊ शकतो.

○

धागा काढणाऱ्या ताईंच्या आकड्यांवर थोडं गणित. १३५ आणि ६४ मधला फरक ७१ लिटर. तेवढं पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण दोन युनिट वीज लागते. रोजची दोन युनिट!

○

आम्ही सगळ्यांनी आंघोळी आटोक्यात आणल्या तरी पाण्याच्या मीटरवरचा वापर काही कमी होईना. एका रात्री सगळे झोपल्यावर आकडा टिपला, पहाटे पुन्हा पाहिला. कुणीही नळ उघडला नव्हता आणि ४० लिटर गेले होते! फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवला. अर्ध्या तासात खालच्या भांड्यात रंग उतरला. आतलं रबर कडक झालं होतं. ते बदललं आणि दुसऱ्या पहाटे मीटरवर रात्रीचाच आकडा होता.