इथेनॉल टँकरला हेवी लायसन पुरतं का? (चिकोडी-निपाणी भाग)

चिकोडीचा_गाडीवान
नमस्कार मंडळी. माझं ट्रान्सपोर्टचं हेवी लायसन चिकोडी आरटीओचं आहे, आत्तापर्यंत ऊस आणि साखरेची पोती एवढंच ओढलंय. आता इकडच्याच एका डिस्टिलरीतनं इथेनॉल भरून तेल कंपनीच्या डेपोला न्यायचं काम मिळायलंय, पगार बरा हाय, गाडी महाराष्ट्रातबी जाणार. मालक म्हणतोय हेवी हाय म्हणजे बास, कागलचा दोस्त म्हणतोय लायसनवर हजार्डसची (धोकादायक मालाची) नोंद नसली तर कोगनोळी नाक्यावरच अडकशील. एजंट म्हणतोय ट्रेनिंगला जाऊच नको, सर्टिफिकेट आणून देतो. शिवाय माझी शाळा मराठी, कन्नड बोलतो पण लिहायला जमत नाही, त्यानं अडेल का?

टँकरवाले_मामा
दोस्त बरोबर बोलतोय. सेंट्रल मोटर व्हेईकल रूल्स 1989 मधला नियम 9 बग. ट्रान्सपोर्ट लायसन तर पाहिजेच, वर सरकारमान्य संस्थेत 3 दिवसांचं ट्रेनिंग, त्याचं सर्टिफिकेट दाखवलं की आरटीओ लायसनवर धोकादायक मालाची नोंद करून देतंय. अर्ज सारथी पोर्टलवरनं (लायसनच्या सरकारी वेबसाइटवरनं) होतो. मान्यता असलेली संस्था कुठली ते आरटीओतच विचार, एजंटाला नको.
कन्नडचं टेन्शन घेऊ नको. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे असं नियम म्हणतो, मराठी त्या यादीत हाय. इंग्रजीची मात्र थोडी तयारी कर.
आणि लायसन चिकोडीचं असूदे नाहीतर कोल्हापूरचं, सगळ्या देशात चालतंय.

बेळगाव_रोडलाइन्स
फक्त दरवर्षी रिन्यूची कटकट आहे बघ

विमावाला_दादा
@बेळगाव_रोडलाइन्स ते जुनं झालं अण्णा. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर हजार्डसचं लायसन 3 वर्षं चालतं, फक्त रिन्यू करताना रिफ्रेशर कोर्स करावा लागतो.
मूळ प्रश्नाबद्दल, मालकाला एवढंच सांगा की त्याच कायद्याच्या कलम 190 मध्ये चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघंही येतात, पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड नाहीतर वर्षापर्यंत जेल. त्याहून मोठं म्हणजे अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा ड्रायव्हरचं लायसनच मागते, नोंद नसली की क्लेम भांडणात गेलाच म्हणून समजा, हे ऐकलं की बरेच मालक कोर्सची फी मुकाट्यानं भरतात 😄

टँकरवाले_मामा
एजंटाच्या कागदाचं राहिलंच. भावा, कागद मिळंल रे, पण इथेनॉल पेटलं तर काय करशील? पेट्रोलसारखा काळा धूर नाही, दिवसा उन्हात जाळ धड दिसतबी नाही, माणूस सरळ त्यात चालत जातो. आग विझवायचा साधा फोम टाकलास तर टिकत नाही, इथेनॉल पाण्यात मिसळणारं म्हणून ते फोम खाऊन टाकतं, अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतोय. हे सगळं त्या 3 दिवसांत शिकवायचं असतं. झोपा काढणारेबी असतात तिथं, त्यांचं सोड.
गाडी ताब्यात घेताना मागं आणि दोन्ही बाजूंना पॅनेल हाय का बग, त्यावर मालाचं नाव, यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर चालणारा ओळख नंबर, इथेनॉलचा 1170), ज्वालाग्राही द्रवाचं लाल चौकोनी लेबल आणि इमर्जन्सीचा फोन नंबर. आमच्या इकडं निम्म्या गाड्यांवर हा नंबर चिखलानं झाकलेला असतोय, पुसायला पाच मिनिटं लागत नाहीत. ट्रेम कार्ड (माल सांडला-पेटला तर काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) केबिनमध्येच ठेव, भरताना माल पाठवणाऱ्याकडनं मागून घे. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरच्या ठिणग्या अडवणारं), फायर एक्स्टिंग्विशर बसवलेलं पाहिजे.

चिकोडीचा_गाडीवान
लई उपकार मामा. सोमवारी आरटीओत जातो, मालकाशी फीचं आधी बोलतो. एक राहिलं, परत येताना टँकर रिकामा असतो, तेव्हाबी हे सगळं लागतंय का? मालक म्हणतोय रिकाम्या गाडीला काय होतंय.

टँकरवाले_मामा
रिकाम्याला जास्त जपायचं. आत वाफ राहतेच, धुऊन वाफ काढल्याशिवाय तो रिकामा धरायचाच नाही. लेबल आणि कार्ड तसंच ठेव, नोंद असलेलाच ड्रायव्हर बसूदे, मालकाच्या भाच्याला चाकावर बसवायचं नाही. आणि ढाब्यावर चुलीपासनं लांब लाव, क्लीनरला बिडी ओढायची असली तर चालत रस्त्यापलीकडं जाऊदे.