पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षकांना नोंदणीची सक्ती हवी की नको?

धागालेखिका: काल येथे एका प्राध्यापकांनी लिहिले की, महाविद्यालयात शिकवणाऱ्या पशुवैद्यकाला परिषदेच्या नोंदणीची गरज नाही, पदवी आणि नियुक्तिपत्र पुरेसे आहे. हे वाचून मला गप्प बसवेना. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीशिवाय पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. गर्भाशयाला पीळ पडलेल्या म्हशीच्या पोटावर फळी ठेवून तिला लोळवणारा, आणि तरीही पीळ सुटला नाही तर कुशीवर छेद घेऊन रेडकू बाहेर काढणारा शिक्षक त्या वेळी व्यवसायच करत असतो. भोवती विद्यार्थी उभे असले, तरी मालकासाठी तो पाठ नसतो, त्याचे दुभते जनावर पणाला लागलेले असते. काही चुकले तर परिषदेकडे तक्रार करता येते, पण परिषदेच्या नोंदवहीत नावच नसलेल्या माणसाबद्दल त्याने कोणाकडे जायचे?

शरीररचनाशास्त्राचे शिक्षक: ते प्राध्यापक मीच. बावीस वर्षे मी फॉर्मॅलिनच्या हौदातली कलेवरे आणि हाडे शिकवतो, आजारी जनावराला औषध देण्याची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही. कलम ३० मध्ये सरकारी पशुवैद्यकाचे पद, व्यवसाय, प्रमाणपत्रावरील सही आणि न्यायालयातील तज्ज्ञ साक्ष यांचा उल्लेख आहे, अध्यापनाचा नाही. शिवाय पदवी आणि गुणपत्रिकेवरील नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून माझा नूतनीकरणाचा अर्ज दोनदा परत आला. तुम्ही रुग्णालयाचे उदाहरण देऊन सगळ्या विभागांना एकाच दावणीला बांधत आहात.

विकृतिशास्त्राची शिक्षिका: रुग्णाला हात लावत नाही, हे मीसुद्धा वर्षानुवर्षे म्हणत आले. एकदा एकाच गोठ्यातल्या चार शेळ्या विषबाधेच्या संशयाने आमच्याकडे आल्या. जठरातला ऐवज आणि यकृताचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून मी स्वतः बरण्यांवर लाख लावली. अहवालावर सही मात्र ज्या सहकाऱ्यांची होती, त्यांच्या नोंदणीची मुदत संपलेली होती, आणि न्यायालयात पहिलाच प्रश्न नोंदणी क्रमांकाचा आला. त्या शेळीपालक बाईंचा चेहरा मी विसरलेले नाही.

दवाखान्यातला पशुवैद्यक: शवविच्छेदनाचा विषय निघालाच आहे, तर आमचेही ऐका. ओढ्याच्या काठी, बॅटरीच्या उजेडात, फुगलेल्या बैलाचे पोट आम्ही उघडायचे, आणि महाविद्यालयाने ‘नमुना अयोग्य’ एवढे दोन शब्द लिहून बरणी परत पाठवायची! चुकलो तर परिषदेसमोर आम्हीच उभे राहतो.

विकृतिशास्त्राची शिक्षिका: यकृत फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवल्यावर त्यातून विष शोधायचे कसे, हे आपणच सांगावे. अर्ध्याहून अधिक बरण्या अशाच येतात आणि दोष आमच्या माथी मारला जातो.

दवाखान्यातला पशुवैद्यक: फॉर्मॅलिनबाबतचे म्हणणे मान्य. पण कोणत्या तपासणीसाठी नमुना कशात पाठवावा, हे आम्हाला विद्यार्थिदशेत तुमच्याच विभागाने नीट शिकवायला हवे होते.

धागालेखिका: मूळ प्रश्न राहूनच जातो आहे. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या पशुवैद्यकांसाठी स्वतंत्र परवाना आहे. त्यासाठी राज्याच्या कायद्याची परीक्षा द्यावी लागते आणि नोकरी सुटली की तो परवानाही संपतो. म्हणजे शिक्षक म्हणून सवलत मिळते, पण उत्तरदायित्व सुटत नाही. शरीररचनाशास्त्राच्या सरांनी एवढेच सांगावे की, रुग्णालयाच्या रात्रपाळीच्या यादीत त्यांच्या विभागाची नावे असतात का?

शरीररचनाशास्त्राचे शिक्षक: असतात. मनुष्यबळ कमी असल्याने दोन वर्षांपासून माझेही नाव त्या यादीत आहे. आजवर प्रत्येक वेळी शल्यचिकित्सा विभागातले कोणी ना कोणी हजर होते म्हणून निभावले, एवढे मला कबूल करावे लागेल. हाडे शिकवण्यासाठी नोंदणी लागू नये, हे माझे मत कायम आहे. मात्र यादीतून नाव निघेपर्यंत माझ्यावर तो नियम लागू होतो, आणि नूतनीकरणाचा अर्ज मी तिसऱ्यांदा भरतो आहे.