मीखलेची निष्ठा दुभंगली होती, की तिलाच वाटून घेतले होते?

ओटीवरची:
‘दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या स्त्रिया’ या परवाच्या लेखात बायबलमधल्या तिघींना, म्हणजे सदोम सोडताना मागे वळून पाहणारी लोटाची बायको, सासूला सोडून माहेरी परतलेली अर्पा आणि शौल राजाची मुलगी व दाविदाची पत्नी मीखल यांना, एका रांगेत उभे करून ‘सासूची साथ न सोडणाऱ्या रूथसारख्या एकनिष्ठ व्हा’ असा बोध केला आहे. लोटाच्या बायकोबद्दल माझा वाद नाही. तिची आठवण करायला खुद्द प्रभूनेच सांगितले आहे. अर्पेला मात्र तिची आणि रूथची सासू नामी हिने स्वतःच परत जायला सांगितले आणि दोन्ही सुनांना आशीर्वाद दिला, तरी आपण तिला दरवर्षी नापास करतो. आणि मीखल? शौलाने मारेकरी धाडले तेव्हा तिने दाविदाला खिडकीतून उतरवले, पलंगावर त्याच्या जागी मूर्ती निजवली आणि त्याच्यासाठी जन्मदात्याशी खोटे बोलली. पुढे बापाने तिला पालतीएल नावाच्या दुसऱ्या पुरुषाला देऊन टाकले, आणि राज्य हाती येऊ लागल्यावर दाविदाने शौलाचा सेनापती अबनेर याच्याशी बोलणी करण्याची अट म्हणून तिला परत मागवले. पालतीएल बहूरीम गावापर्यंत रडत तिच्या मागे गेला. या सगळ्यात तिला कोणी काही विचारल्याचे लिहिलेले नाही.

पाळकपुत्र:
आपण कथा सोयीच्या जागी थांबवलीत. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमेत आला तेव्हा दावीद परमेश्वरापुढे नाचत होता आणि ही खिडकीत उभी राहून त्याला मनातून तुच्छ लेखत होती. त्या एका अध्यायात लेखक तिला तीनदा ‘शौलाची कन्या’ म्हणतो, दाविदाची पत्नी एकदाही म्हणत नाही. तिचे मन माहेरच्या सिंहासनापाशी अडकले होते, हे याहून स्पष्ट कसे लिहायचे? शिवाय पलंगावर निजवलेली ती मूर्ती घरात आली कुठून, याचेही उत्तर द्यावे.

जुना_श्रोता:
हा प्रश्न दाविदाला विचारावा, कारण घर त्याचे होते. माणसाच्या अंगलटीची मूर्ती घरात असते आणि परमेश्वराच्या मनासारख्या त्या पुरुषाला ती दिसत नाही, हे कसे? याकोबाची बायको राहेल हिने बाप लाबानाच्या मूर्ती उंटाच्या खोगिरात लपवल्या, त्यावर आपण तासभर उपदेश ऐकतो. परंतु शखेमाजवळच्या झाडाखाली याकोबाने घरातल्या परक्या देवांच्या मूर्ती पुरल्या त्या बऱ्याच नंतर, तोवर त्या त्याच्याच बिऱ्हाडात होत्या, याचा उल्लेख कोणी करत नाही.

पाळकपुत्र:
म्हणजे मूर्ती ठेवणे योग्य होते, असे आपले म्हणणे आहे का? अशीच सूट देत गेल्याने आज मंडळीतली अर्धी घरे रविवारी उपासनेत आणि सोमवारी भावकीच्या पूजेत दिसतात.

ओटीवरची:
विषय आपणच काढलात, तर ऐका. माझ्या आजीने लग्नानंतर नवऱ्यासोबत बाप्तिस्मा घेतला. गौरी-गणपतीला ती भावाकडे जायची, ओटीवर बसायची, आरतीला उठायची नाही, प्रसादाला हात लावायची नाही. भाचवंडांना भेटून संध्याकाळी परतायची. तेवढ्यावरून मंडळीत तिला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-प्याल्याच्या विधीपासून, दूर ठेवले गेले, आणि भावाच्या घरी तिचा पेला वेगळा ठेवत असत. दोन्हीकडच्यांनी तिला ‘अर्धी’ म्हटले. आजोबाही त्याच भावाकडे जेवायला जात. त्यांना कोणी एका शब्दाने विचारले नाही.

पाळकपुत्र:
आजींबद्दल आदर आहे, पण घरातल्या दुःखावरून शास्त्राचा अर्थ लावायचा नसतो.

जुना_श्रोता:
आणि आपण भावकीच्या पूजेवरून लावलात, तो कशावरून? लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करा. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या नवऱ्यापासून दूर, आप्तांमध्ये राहिल्या. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी काही वर्षांनी, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. त्या मधल्या वर्षांत त्यांना लोटाची बायको म्हणणार का?

पाळकपुत्र:
लक्ष्मीबाई शेवटी पुढे आल्या. मीखल आली नाही. मरेपर्यंत तिला मूल झाले नाही, असे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे.

ओटीवरची:
ती देवाने दिलेली शिक्षा होती, असे तिथे लिहिलेले नाही. दावीद पुन्हा तिच्याकडे फिरकलाच नाही, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो.

पाळकपुत्र:
ठीक आहे. मूर्तीचा जाब दाविदालाही द्यावा लागेल, एवढे मान्य करतो. पुढच्या वेळी लेखात त्यालाही रांगेत उभे करू, म्हणजे आपले समाधान होईल. तुच्छ लेखण्याबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेत नाही.

ओटीवरची:
उभे कराच, आणि त्याच्या मागे शौलालाही करा. मुलगी एकदा देऊन पुन्हा दुसऱ्याला दिली ती त्याने.