सीपॅपचा मास्क रात्री गळतो, पट्टे आवळूनही थांबत नाही, काय करू?

रातराणी:
नमस्कार मंडळी. मध्यंतरी स्लीप स्टडी झाली त्यात एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो नाहीतर फार कमी होतो, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात म्हणे, म्हणून डॉक्टरांनी सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) सुरू केलंय. ऑटो मशीन आहे, म्हणजे गरजेप्रमाणे प्रेशर स्वतःच कमीजास्त करतं, ६ ते १४ मध्ये, मास्क फक्त नाकावरचा. झोपताना सगळं व्यवस्थित असतं पण मध्यरात्र उलटून गेली की वरच्या बाजूने फुस्स फुस्स हवा सुटते ती थेट डोळ्यात, डोळे चुरचुरतात, मग मी अर्धवट झोपेत पट्टे अजून आवळते आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ उठलेला असतो. तोंड इतकं कोरडं पडतं की जीभ टाळ्याला चिकटते. कधी कधी जाग येते तेव्हा मास्क उशीखाली असतो, कधी काढला ते काही आठवत नाही. मशीन लीक ४० च्या पुढे दाखवतंय आणि एएचआय ९ च्या आसपास. घोरणं थांबलंय असं घरचे सांगतात आणि ज्या रात्री मास्क टिकतो त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं खरंच हलकं असतं, त्यामुळे मला हे सोडायचं नाहीये. मास्क बदलू की अजून काही करून बघू?

उशीपाशी:
रातराणी, आधी पट्टे सैल करा. उलटं वाटेल पण बऱ्याच जणांची गळती आवळल्यामुळेच वाढते. कुशनची, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या भागाची, आतली कड पातळ असते, ती मशीनच्या हवेने फुगून चेहऱ्याला चिकटायला हवी, पट्टे ताणले की ती चेपून दुमडते आणि त्या घडीतून हवा निघते, आपण अजून आवळतो, अजून घडी पडते.

मास्क आरशासमोर बसून बसवू नका, आडवं झाल्यावर गालांची ठेवण बदलते. ज्या कुशीवर झोपता तसंच आडवं व्हा, मशीन चालू करा, प्रेशर चढू द्या (बऱ्याच मशीनमध्ये मास्क फिट तपासायची सोय असते, ती काही वेळ जास्त प्रेशर देते, तेव्हाच बघा), मग मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून कुशन फुगू द्या आणि अलगद परत टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकदम आणि सारखे, थोडे थोडे ओढायचे, फुस्स थांबलं की तिथेच थांबायचं. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. मग डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर वळून बघा.

मध्यरात्रीनंतरच का होतं त्याचंही कारण आहे. स्वप्नांची झोप, ज्याला रेम म्हणतात, ती पहाटेकडे जास्त असते, त्यात स्नायू एकदम ढिले पडतात, घसा जास्त मिटतो, म्हणून ऑटो मशीन प्रेशर चढवतं. झोपताना ७ वर जो मास्क गप्प बसतो तो १२ वर फुसफुसतो. म्हणून बसवतानाच चढलेल्या प्रेशरवर बघायचं.

आणि मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून जी हवा येते ती गळती नाही हं, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला ती ठेवलेलीच असते, कोणी चुकूनही टेप लावून बंद करू नका. काही मशीनं ही हवा वजा करून लीक दाखवतात, काही सगळी मिळून, त्यामुळे ४० चा अर्थ मशीनवर अवलंबून आहे. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये वजा करून मिनिटाला २४ लिटरपर्यंत चालतं.

सोनटक्का:
वरचं सगळं बरोबर आहे पण तोंड कोरडं पडतंय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाकावरचा मास्क आणि सकाळी जीभ टाळ्याला चिकटलेली, म्हणजे बहुतेक झोपेत तोंड उघडतंय आणि नाकातून गेलेली हवा तोंडावाटे बाहेर पडतेय. मास्क कितीही छान बसवा, ही गळती त्याने थांबणार नाही.

पहिला प्रश्न, नाक मोकळं आहे का? नाक चोंदलं की तोंड उघडणारच. झोपण्याआधी सलाईनने नाक धुवा, अॅलर्जी असेल तर डॉक्टरांकडून नाकाचा स्प्रे घ्या. ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) एकेक पायरीने वाढवा, कोरड्या हवेने नाकाची आतली त्वचा सुजते. वाढवल्यावर पाईपमध्ये पाणी साचून गुडगुड आवाज यायला लागला तर पाईपवर कापडी कव्हर घाला किंवा गरम होणारा पाईप मिळतो तो लावा. पाणी डिस्टिल्ड वापरा आणि रोज बदला.

एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा करून बघा, काहींना चालतो, काहींना अजिबात नाही, नाहीतर सरळ नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. तोंडाला टेप लावायचा सल्ला लोक फार सहज देतात, मी तो देणार नाही, झोपेत उलटी झाली किंवा नाक एकदम बंद झालं तर काय.

झोपेत मास्क काढला जातो त्यावर आमच्याकडे वडिलांना एका उपायाचा खूप उपयोग झाला. दिवसा टीव्ही बघताना, पेपर वाचताना मशीन चालू करून मास्क लावून बसायचं, झोपायचा प्रयत्न नाही, नुसतं बसायचं. मेंदूला त्याची सवय झाली की रात्री हात आपोआप तिकडे जात नाही. सुरुवातीला त्यांचा जीव घुसमटायचा, श्वास सोडायला जोर लागायचा, मग रॅम्प लावला (सुरुवातीला कमी प्रेशर देऊन हळूहळू वाढवणारी सोय) आणि श्वास सोडताना प्रेशर उतरवणारी जी सेटिंग असते ती डॉक्टरांकडून चालू करून घेतली.

खिडकीतला_चंद्र:
छोट्या गोष्टी सांगतो. रात्री चेहरा धुवून पुसून मगच मास्क लावा, क्रीम नको, तेलकट त्वचेवर सिलिकॉन घसरतं. कुशन रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, सिलिकॉन खराब होतं. कड मऊपणा सोडून कडक किंवा चिकट झाली की कुशन बदला, पट्टे नाही. पाईप उशीवरून लोंबू देऊ नका, कूस बदलली की तो मास्कला ओढतो आणि सील सुटतं, डोक्याच्या वर कुठेतरी अडकवून ठेवा. नाकाच्या हाडावर वळ आला असेल तिथे लोकरीसारख्या मऊ कापडाचे लायनर मिळतात.

अजून एक, काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं. घरात कोणाला पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप वगैरे असेल तर, बाजूला झोपणाऱ्यालाही, मास्क घेताना डॉक्टरांना नक्की विचारा.

रातराणी:
सगळ्यांचे खूप आभार. आडवं होऊन मास्क बसवला, पट्टे चांगलेच सैल केले आणि डोळ्यात येणारी हवा जवळजवळ बंद झाली! वळही फिका पडलाय. पण तोंड अजून कोरडंच आहे आणि लीकचा आकडा खाली आला तरी पहाटे परत उसळी मारतोच. सोनटक्का म्हणतात तेच असणार, नाक मला आधीपासून चोंदतं. एक विचारायचं होतं, वरचं प्रेशर १४ चं १० केलं तर गळती थांबेल ना? आणि पहाटे मास्क काढला तर फार बिघडतं का, ४ तास तर होतातच.

उशीपाशी:
गळती कमी होईल पण पहाटे घसा मिटेल त्याचं काय? मशीन १२-१३ वर जातंय ते गरज आहे म्हणून जातंय की गळतीमुळे गोंधळून, हे रात्रीचा आलेख बघितल्याशिवाय कळत नाही. मशीनचं एसडी कार्ड काढून डॉक्टरांकडे न्या, स्वतः बघायचं असेल तर ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच मशीनचा डेटा त्यात उघडतो, लीकची रेष आणि श्वास अडल्याच्या खुणा एकाखाली एक दिसतात. प्रेशर त्यांना विचारूनच बदला.

४ तास हा निदान एवढं तरी म्हणून धरलेला आकडा आहे. पहाटेच्या रेममध्येच बहुतेकांचा श्वास जास्त अडतो आणि नेमका तेव्हाच मास्क उशीखाली. म्हणून जाग आली आणि मास्क नसेल तर वाजले किती ते न बघता परत लावा, अर्धा तास उरला असला तरी.

सोनटक्का:
आणि डॉक्टरांकडे जाताना मास्क बरोबर घेऊन जा, तिथे आडवं होऊन लावून दाखवा, नाक तपासायला सांगा. नाक मोकळं झाल्यावरही तोंड कोरडं पडत असेल तर मोठा मास्क तिथेच प्रेशरवर लावून बघायला मिळतो का विचारा, दोन-तीन मापं तरी घालून बघा.