पहिल्या वेताच्या कालवडींना वळू कुठला? सोपं वेतही हवं आणि प्रदर्शनाच्या रिंगमध्ये उठून दिसणारं वासरूही

गोठा_आणि_मी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन) 3 कालवडी आहेत, 14 महिन्यांच्या, त्यातल्या दोन खरंच रिंगमध्ये उभ्या करण्यासारख्या, पाठ सरळ, पाय स्वच्छ, चालतात पण डौलात. आता माजावर येतायत आणि माझं डोकं फिरलंय. एक वळू मनात भरलाय, त्याच्या मुलींच्या कासा बघून नजर हटत नाही, उंची रुंदी सगळ्यात प्लस, पण कॅल्व्हिंग ईजचा, म्हणजे वेत किती सोपं जातं त्याचा, आकडा जातीच्या सरासरीपेक्षा वाईट. दुसरा सोप्या वेताचा आहे पण टाईप, म्हणजे अंगाची ठेवण, बेताची. मागे एक पहिलारू (पहिल्यांदा विणारी) अडली होती, ओढून काढलेलं वासरू गेलं आणि गाय दोन दिवस उठली नाही, ते अजून डोळ्यासमोर आहे. काय करू? आणि शेवटच्या दोन महिन्यांत खुराक तोडला तर वासरू लहान राहतं म्हणतात ते खरंय का?

म्हातारा_गुराखी:
भाऊ, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, ती दोन दिवस न उठलेली गाय. पहिल्या वेताला सोपा वळू, विषय संपला. लोकांना वाटतं अडलेलं वेत म्हणजे एक वाईट रात्र. तसं नसतं. वार अडकते, गर्भाशयात पू होतो, खाणं सुटतं, अंग उतरतं, कास भरायच्या वेळी भरत नाही, आणि ओढाओढीत कमरेतली नस दबली तर मागचे पाय फाकतात, मग कसली रिंग न काय. पहिलारूच्या वर्गात उभी करायचीय ना, तर ती व्याल्यावर महिनाभरात टवटवीत दिसली पाहिजे. देखणं वासरू दुसऱ्या वेताला घ्या की, तेव्हा ती मोठीही झालेली असेल आणि वाटही मोकळी झालेली असेल. कालवड एकच आहे, वळूच्या वीर्याच्या कांड्या पुढच्या वर्षीही मिळतील.

जनावरांचा_डॉक्टर:
वरच्यांशी बराचसा सहमत, पण आकडा नीट वाचा आधी, कारण इथेच लोक फसतात. सगळीकडे आकड्याची दिशा सारखी नसते. अमेरिकेच्या होल्स्टीन वळूंचा कॅल्व्हिंग ईज म्हणजे पहिलारूंमध्ये किती टक्के वेतं अवघड गेली तो अंदाज, म्हणजे कमी तेवढा चांगला. अँगस या मांसाच्या जातीत उलटं, आकडा जास्त तेवढं वेत सोपं. मी स्वतः एका पशुपालकाला नेमका उलटा वळू निवडताना बघितलंय, आकडा मोठा दिसला म्हणून.

दुसरं, वळूसमोर दोन आकडे असतात. एक त्याची वासरं किती सहज जन्मतात त्याचा, दुसरा त्याच्या मुली स्वतः किती सहज वितात त्याचा. तुमच्या कालवडीला या वेळी पहिला महत्त्वाचा. पण कालवड ठेवून पुढे पैदास करायची असेल तर दुसराही बघा, नाहीतर नुसत्या बारीक वासरांच्या मागे लागून तुम्ही हळूहळू अरुंद पुठ्ठ्याच्या गाई तयार कराल आणि पुढच्या पिढीला तोच त्रास परत. रिलायबिलिटी, म्हणजे आकडा किती भरवशाचा तेही बघा, तरुण जीनोमिक वळूचा (नुसत्या डीएनए तपासणीवरून काढलेला) आकडा पुढे हलतो, शेकड्यांनी वासरं झालेल्या वळूचा फारसा हलत नाही. आणि फोटोवरून ठरवू नका, वळू बारीक दिसतो म्हणून वासरू बारीक होईलच असं नाही.

खुराक तोडायचं मात्र चुकूनही करू नका. वासराची वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त होते हे खरं, पण उपाशी ठेवून वासरू फारसं लहान होत नाही, आईच दमते आणि कळा द्यायला ताकद राहत नाही. उलट लठ्ठही करू नका, चरबी कमरेच्या आत बसते आणि वाट अरुंद होते. अंगावरच्या मांस-चरबीच्या पाचच्या मापावर साधारण सव्वातीन-साडेतीन अंगावर व्यायला हवी. आणि वयाकडे नको, वजनाकडे बघून रेतन करा: पूर्ण वाढलेल्या गाईच्या 55 ते 60 टक्के.

ताईंचा_गोठा:
मी जरा वेगळं बोलते हं, रागवू नका कोणी 😄 हे "एकतर सोपं नाहीतर देखणं" असं का धरून बसलात सगळे? शोधलं तर दोन्ही बरं असलेले वळू असतात, फक्त यादीत वरचे पाच बघून थांबायचं नाही. आधी कॅल्व्हिंग ईजची रेघ मारायची, त्यापेक्षा वाईट आकड्याचे सगळे बाद, कितीही सुंदर असो, मग उरलेल्यांमध्ये कास आणि पाय बघायचे. मी सेक्स्ड सीमेनही (कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य) वापरते कालवडींना. साधारण 90 टक्के वेळा कालवड होते आणि कालवड गोऱ्ह्यापेक्षा दोन-तीन किलोने हलकी असते, तो फरक पहिल्या वेताला जाणवतो. गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं हे खरं, त्यामुळे माज नीट धरा, नाहीतर कांड्या वाया. आणि जर्सीचा वळू लावायचा सल्ला कोणी देईल, वासरू छोटं होतं हे बरोबर, पण मग ते शुद्ध जातीच्या वर्गात जात नाही, रिंगचा विषय तिथेच मिटला.

गोठा_आणि_मी:
डॉक्टर, मी आकडा उलटाच वाचत होतो की काय म्हणून परत जाऊन बघितला, नशीब, बरोबरच वाचला होता. ताईंची रेघ मारायची पद्धत पटली, उद्यापासून यादी परत काढतो. पण वासराचा जन्म प्रदर्शनातला वयाचा वर्ग सुरू होतो त्या तारखेनंतर लगेच झाला तर रिंगमध्ये वयाने सगळ्यात मोठं उभं राहतं, त्या हिशोबाने रेतनाची तारीख धरलीय.

जनावरांचा_डॉक्टर:
धरा, पण सावध. सोप्या वेताच्या वळूंची वासरं बऱ्याचदा काही दिवस आधी येतात, तेही एक कारण आहे वासरू हलकं असण्याचं. होल्स्टीनचा गर्भकाळ साधारण 279 दिवस, आणि तुम्ही तारखेच्या दुसऱ्याच दिवशी वासरू पडावं असा हिशोब केला आणि ते चार दिवस आधी आलं, तर ते आधीच्या वर्गात जाईल, म्हणजे तिथलं सगळ्यात लहान. आठ-दहा दिवस हातचे ठेवा. आणि व्यायच्या रात्री पाणमोट फुटल्यावर तासाभरात पुढे काहीच सरकलं नाही, किंवा दोन खुरं आणि नाक यांच्याऐवजी भलतंच काही दिसलं, तर ओढायला चार माणसं बोलावण्याआधी डॉक्टरला फोन.