अनुभव धागा: पाळणाघरात मूल काय शिकलं?

प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली. बालवाडी तिसऱ्या वर्षी. मधला काळ अनेक घरांत पाळणाघरावरच निघतो, तरी 'मूल तिथे फक्त सांभाळलं जातं' असंच बोललं जातं. तुमच्या मुलांनी तिथे काय उचललं, काय नाही, ते इथे लिहा. फीच्या चौकशा नकोत.

लोकलवाली आई, डोंबिवली
लेक दीड वर्षाचा होता. घरी मोबाइल लावल्याशिवाय घास उतरायचा नाही. पाळणाघरातल्या मावशींकडे मात्र वरणभात स्वतःच्या हाताने! विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मी भरवतच नाही. ताटली पुढ्यात ठेवते, बाकीच्यांकडे बघून खातो तो." अर्धा भात फरशीवर सांडायचा, पण शितं चिमटीत धरायला तो तिथेच शिकला. घरी अजून नखरे चालूच आहेत, ते सोडा.

पाळणाघरवाली काकू, कोथरूड
आधी बालवाडीत शिकवायचे, आता घरीच मुलं सांभाळते. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एबीसीडी कधी सुरू करणार?" अहो, बोटांत जोर यायच्या आत पेन्सिल कशाला? मी कणकेचा गोळा देते, मटाराच्या शेंगा सोलायला देते, बाटल्यांची झाकणं फिरवायला लावते. बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंमधूनच शिक्षणाची साधनं उभी केली होती. मात्र चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्यांच्या हाती देत नाही. थेट नाकात जातात.

लहानमोठी एकत्र असली की भाषा झपाट्याने येते. तीन वर्षांची ताई दीड वर्षाच्या बाळाला "नाही हं, ते गरम आहे" असं दटावते, ते माझ्या सांगण्यापेक्षा लवकर कळतं. आणि आईने नजर चुकवून पळू नये. सांगून जावं. मूल रडेल, पण गेलेली आई परत येते हेही त्याला हळूहळू उमगतं. सुरुवातीला तासभर, मग जेवणापर्यंत, मग दुपारची झोप. घाई केली की महिनाभर रडारड.

लेस्टरकर
मी इंग्लंडमध्ये हेच काम करते, स्वतःच्या घरात. ऑफस्टेडकडे (तिथली सरकारी तपासणी संस्था) नोंदणी, तपासणी, सगळं आलं. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं, त्यांत पाच वर्षांखालची सहसा तीनच. मुलांच्या शिकण्या-वाढण्याचा जन्मापासून पाच वर्षांपर्यंतचा सरकारी आराखडा इथे २००८ पासून लागू आहे. त्यात बोलणं-ऐकणं, शरीराच्या हालचाली आणि भावना-नाती हा पाया, अक्षरं-आकडे त्याच्या जोडीने. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान प्रत्येक मुलाच्या प्रगतीचा लेखी गोषवारा पालकांना द्यावा लागतो. लिहिणं कंटाळवाणं, पण उपयोगी: एक मुलगा हाक मारली की वळत नाही, हे माझ्या नोंदींतून दिसलं. त्याच्या आईने कान तपासून घेतले, तर पडद्यामागे द्रव साचलेला. उपचारांनंतर शब्द भराभर वाढले.

पाऊस असला तरी आम्ही गमबूट घालून बाहेर. माझी आई फोनवर "सर्दी होईल त्यांना" म्हणत राहते. गुजराती, पोलिश घरांतली मुलं येतात, त्यांनी आपापल्या भाषेत बोललेलं मला चालतं. चिऊकाऊची गोष्ट मी मराठीतच सांगते.

नातवाचे आजोबा, नाशिक
वरचं वाचून बरं वाटलं, पण सगळीकडे असं नसतं. आमचा नातू जिथे जायचा तिथे दिवसभर टीव्ही. जाहिराती पाठ, पण पाणी हवं असलं तर नुसतं बोट दाखवायचा. जागा बदलली. नव्या बाई टीव्ही लावत नाहीत, त्याच्याशी सतत बोलतात. मुलाला ठेवण्याआधी एकदा दुपारी चारच्या सुमारास, आगाऊ न कळवता जाऊन बघा. भिंतीवरची चित्रं बघू नका, मुलं काय करताहेत ते बघा.